झारी खाली ठेव

रामबाग, इंदूर
पौष वद्य

प्रिय मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा फोटो मिळाला. दिवाळीला कचेरीत भेट मिळालेल्या ऑर्किडची फुले एकेक करून गळून गेली, आता चार जाड पाने आणि कुंडीबाहेर लोंबणारी करडी मुळे एवढेच उरले आहे, आणि झाड मेले आहे की झोपले आहे हे कळत नाही म्हणून तू त्याला रोज सकाळी पाणी घालतेस, असे तू लिहिले आहेस. झाड मेलेले नाही. पण तुझा हा नेम असाच चालू राहिला, तर माघ लागेपर्यंत ते नक्की मरेल. म्हणून हे पत्र वाचून होईपर्यंत तरी झारी खाली ठेव.

तुझ्याकडे आहे ते फॅलेनॉप्सिस. जंगलात ही जात जमिनीत उगवत नाही, मोठ्या झाडांच्या फांद्यांना आणि खोडांना मुळांनी धरून राहते. आपल्याकडे अशी झाडे दिसली की लोक त्यांना सर्रास बांडगूळ म्हणतात, आणि हा त्यांच्यावर मोठा अन्याय आहे. बांडगूळ यजमान झाडाच्या सालीत मुळे घुसवून त्याचे पाणी पिते. ऑर्किड फक्त बसायला जागा मागते, आणि पावसाचे, दवाचे जे काही मिळेल त्यावर भागवते. (‘वांडा’ हे ऑर्किडच्या एका प्रजातीचे नाव संस्कृतातील ‘वंदा’ या शब्दावरून पडले आहे आणि त्या शब्दाने परोपजीवी झाडेही ओळखली जात, तेव्हा हा घोटाळा जुनाच म्हणायचा.) आता तुझ्या कुंडीतली ती करडी मुळे नीट पाहा. त्यांच्यावर स्पंजासारखे एक आवरण असते. कोरडे असताना ते रुपेरी दिसते, आणि पाणी शोषले की काही क्षणांत आतला हिरवा रंग वर येतो. पाणी कधी घालायचे हे झाड स्वतःच असे सांगत असते. मुळे हिरवी असतील तर थांबायचे, सगळी रुपेरी झाली की सकाळी भरपूर पाणी घालून ते पूर्ण निथळू द्यायचे. या दिवसांत आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. पानांच्या मध्यभागी जी खोलगट जागा आहे तिथे पाणी साचू द्यायचे नाही, साचलेच तर कापसाच्या बोळ्याने टिपून घ्यायचे. माझे पहिले फॅलेनॉप्सिस तिथूनच कुजले होते. वरून पाने हिरवीगार आणि हाताने धरले तर मधले पान अलगद निघून हातात आले, ते मी अजून विसरलेले नाही.

तू पुण्याहून आलेली आहेस, म्हणून इथल्या हवेविषयी थोडे सांगते. इंदुरात ऑर्किडला थंडीपेक्षा कोरडेपणा जास्त जाचतो. कुंडीखाली पसरट ताटलीत खडे आणि पाणी ठेव, पण कुंडीचे बूड पाण्याला लागता कामा नये. बोअरचे पाणी जड असते, त्याने पानांवर आणि मुळांवर पांढरा थर चढतो. तुझ्या इमारतीत बोअरचे पाणी असेल, तर पिण्याच्या गाळलेल्या पाण्यात ते निम्मे मिसळून घे. पुढच्या पावसाळ्यात गच्चीवर दोन पिंपे भरून ठेवलीस, तर हा प्रश्नच उरणार नाही. मालव्याची काळी माती कितीही कसदार असली तरी ती या झाडाच्या जवळपासही आणू नकोस. कोळशाचे तुकडे, विटेचे रोडे आणि नारळाची सोडणे एवढ्यावर ते सुखाने राहते, कारण त्याच्या मुळांना पाण्याइतकीच वारा खेळता राहण्याची गरज असते.

आता थंडीविषयी. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि मालव्याची रात्र अशी एक जुनी वाखाणणी आहे, ती तू इथे ऐकली असशीलच. शायरांना ही रात्र कशासाठी आवडली ते असो, फॅलेनॉप्सिसला ती आवडते याचे कारण साधे आहे. दिवसा 25 अंशांच्या आसपास आणि रात्री 15 ते 18 अंश असे काही आठवडे मिळाले, की या झाडात फुलांचा दांडा धरण्याची क्रिया सुरू होते. ज्या खोल्यांत बारा महिने सारखीच ऊब असते तिथे हीच झाडे वर्षानुवर्षे नुसती पाने काढत बसतात. तेव्हा त्याला रात्री उबेत कोंडू नकोस. पूर्वेच्या खिडकीत, पडद्याआडच्या उजेडात राहू दे. उघड्या गच्चीवर मात्र ठेवू नकोस, कारण इथे पहाटे पारा 10 अंशांपर्यंत आणि एखाद्या लाटेत त्याच्याही खाली उतरतो, तेवढे त्याला सोसत नाही.

दांडा फुटला की नाही हे कसे ओळखायचे, असे तू विचारले आहेस. वरून दुसऱ्या किंवा तिसऱ्या पानाच्या बगलेत रोज एकदाच बघ. तिथून जे टोक बाहेर येईल ते गोल, गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर ते मूळ; किंचित चपटे असेल आणि लहान मुलाच्या अंगठा सुटा असलेल्या लोकरी हातमोज्यासारखी त्याला एका बाजूला खाच दिसत असेल तर तो दांडा. त्यानंतर फुले यायला दोन-तीन महिने लागतात. या काळात कुंडी फिरवायची नाही, कारण दांडा उजेडाकडे वळत असतो आणि तू जागा बदललीस की तो पुन्हा नव्याने वळू लागतो. कळ्या धरल्यावर जवळ पिकलेली केळी किंवा पेरू ठेवू नकोस. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कळ्या पिवळ्या पडून गळतात. माझ्या एका शेजारणीने तीन वर्षे नजर लागते म्हणून कुंडीला काळा दोरा बांधला होता. कुंडी फळांच्या टोपलीशेजारी होती.

आता माझ्या चुकीची गोष्ट सांगते, कारण तुझ्या रोजच्या पाण्यामागचे मन मला ओळखीचे आहे. शिलाँगला नोकरीस असलेल्या एका स्नेह्याने मला डेंड्रोबियम नोबिले या दुसऱ्या जातीच्या ऑर्किडचे एक रोप आणून दिले होते. सिक्कीमचे राज्यपुष्प आहे ते. पावसाळ्यात त्याच्या कांड्या उसासारख्या टरटरून फुगल्या. थंडी लागताच पाने पिवळी होऊन झडली, कांड्यांना सुरकुत्या पडल्या, आणि मी घाबरले. पाणी वाढवले, खत घातले. फाल्गुनात पेरापेरांवर डोळे फुगले तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवले. आठ दिवसांनी त्या डोळ्यांतून फुलांऐवजी पिल्ले निघाली. म्हणजे छोटी छोटी रोपे, पानामुळांसकट. त्या वर्षी एकही फूल आले नाही. पाणी आणि खत चालू असलेल्या झाडाला फुलण्याचे कारणच वाटले नाही, त्याने आपली वाढ तशीच पुढे चालू ठेवली.

संत्र्याच्या बागा लावणारे लोक हे पिढ्यानपिढ्या जाणून आहेत. त्यांच्याकडे याला ताण देणे म्हणतात. आंबे बहार, म्हणजे आंब्याच्या मोहराच्या सुमारास येणारा संत्र्याचा बहार, धरायचा असेल तर पौषाच्या सुमारास बागेचे पाणी तोडतात, झाडे मलूल होऊ देतात, काही पाने गळू देतात, आणि मग एकदम पाणी सोडतात की बाग पांढरी होते. मोगऱ्याचेही तसेच, आता त्याचे पाणी तोडून, पाने झडल्यावर छाटणी करून, माघात खतपाणी दिले तर उन्हाळ्यात ओंजळी भरतात. डेंड्रोबियमला मी आता दत्तजयंतीपासून पाणी बंद करते, कांड्या फारच आक्रसल्या तर पंधरा दिवसांतून एकदा नुसते शिंपडते, आणि कळ्या स्पष्ट दिसेपर्यंत हात आवरते. फॅलेनॉप्सिसला मात्र एवढा कडक ताण देऊ नकोस. त्याला पाणी साठवायला कांड्या नाहीत.

हात आवरणे हेच यातले सगळ्यात अवघड काम आहे, आणि पुस्तकांचा प्रश्न इथे येतो. थंडीत मन लागत नाही म्हणून वाचायला काहीतरी सुचवा, असे तू पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिले आहेस. मी 31 वर्षे ग्रंथालयात काढली, पण थंडीतले माझे वाचन खरे सुधारले ते ऑर्किडमुळे. सकाळी साडेआठला गच्चीवर ऊन येते. तेव्हा मी कुंड्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसते, आणि हातात पुस्तक असल्यामुळे झारी हातात घेता येत नाही. इतके साधे आहे ते. तास-दीड तास झाडांच्या सोबतीला बसता येते आणि त्यांच्या वाटेला जावे लागत नाही.

अशा बसण्यासाठी वेगाने संपणारी पुस्तके उपयोगाची नाहीत. कालिदासाच्या नावावर असलेले ‘ऋतुसंहार’ मराठी भाषांतरासह मिळव. आपले वर्ष चैत्रात, म्हणजे वसंतातच सुरू होते. हे काव्य मात्र ग्रीष्मापासून सुरू होते आणि वसंताला सहाव्या, अगदी शेवटच्या सर्गात आणते. आठवड्याला एक सर्ग असा आजपासून धरलास तर वसंताचा सर्ग तुझ्या हाती फाल्गुनात येईल. आधीच शेवट उघडून बघू नकोस. त्याच्या जोडीला दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ वाच. ते 1956 साली प्रसिद्ध झाले, आणि दुर्गाबाईंचा जन्म 1910 सालचा, याच इंदूरचा, हे इथल्या मराठी मंडळींनाही पुष्कळदा सांगावे लागते. ते सलग वाचायचे पुस्तक नव्हेच. जो महिना बाहेर चालू असेल तो आत वाचायचा, मग खिडकीतून पाहायचे. इथे एक गंमत तुझ्या ध्यानात येईल. आपला पौष वद्य पक्ष चालू आहे, पण आपल्या हिंदीभाषक शेजाऱ्यांच्या पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे त्यांच्याकडे माघ केव्हाच लागला आहे. आणि वसंतपंचमी दोघांचीही ऐन शिशिरातच येते, चैत्र त्यानंतर जवळजवळ दोन महिने दूर असतो. तेव्हा वसंत नेमका कधी येतो या प्रश्नाचे उत्तर पंचांगाकडे नसून रेसिडेन्सी भागातल्या एखाद्या पळसाकडे मागावे, हे बरे.

वाचता वाचता कुंडीत जे दिसेल ते मी पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिते. ग्रंथालयाच्या पुस्तकात अर्थातच नाही. तसे करणाऱ्यांना मी उभ्या जन्मात क्षमा केली नाही. माझ्या ‘ऋतुचक्र’च्या मागच्या पानावर ‘12 जानेवारी, दांडा तिळाएवढा’, ‘20 जानेवारी, करंगळीच्या पेराएवढा’, ‘3 फेब्रुवारी, काहीही नाही, वाऱ्याने फक्त टेकू पडला’ अशा नोंदी आहेत. तूही लिहीत जा. रोज बघितल्याने झाड वाढताना दिसत नाही, नोंदीत मात्र दिसते.

आणि तरीही हात शिवशिवत असतील, तर त्यांना दुसरे काम दे. आपले गाव कुजलेल्या खतासाठी जगात ओळखले जाते, हे तुला कुणी सांगितले आहे का? आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे 1924 साली अल्बर्ट हॉवर्ड यांनी वनस्पतींच्या संशोधनाची संस्था उभी केली, आणि तिथे बसवलेली खताची रीत त्यांनी यशवंत वाड या आपल्या सहकाऱ्यासह 1931 मध्ये पुस्तकरूपाने मांडली. जगभर तिला ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. हॉवर्ड कीड आणि बुरशी यांना आपले प्राध्यापक म्हणत. पालापाचोळा, शेण, थोडी राख आणि माती यांचे थर, ओलावा राखायचा, मधून मधून खालीवर करायचे, साधारण 3 महिन्यांत काळे, मोकळे, पहिल्या पावसाच्या वासाचे खत तयार होते. गच्चीवर भोके पाडलेल्या पिंपात हे सहज जमते. पौषात भरलेले पिंप चैत्रात उघडते, आणि त्याला तू कितीही वेळा ढवळलेस तरी ते तक्रार करत नाही. हे खत तुझ्या गुलाबाला, शेवंतीला, कढीलिंबाला घाल. ऑर्किडला नाही. खताच्या या गावात राहून मी आयुष्याची पंचवीस वर्षे या खताला हातही न लावणाऱ्या झाडांवर घालवली, याबद्दल घरात माझी पुरेशी थट्टा होते.

एक गोष्ट थोडी कडक शब्दांत सांगते. आठवडी बाजारात किंवा रस्त्याच्या कडेला कुणी जंगलातून काढून आणलेले वांडा विकत असेल, आंब्याच्या सालीचा तुकडा अजून मुळांना चिकटलेला असेल, तर दया येऊन घेऊ नकोस. ऑर्किडचे बी धुळीएवढे असते, त्यात स्वतःची शिदोरी नसते, विशिष्ट बुरशीने आधार दिला तरच ते रुजते. हे नोएल बेर्नार या फ्रेंच संशोधकाने 1899 साली दाखवून दिले. रुजल्यावरही फूल यायला कित्येक वर्षे जातात. फांदीवरून एका झटक्यात ओरबाडलेले झाड म्हणजे तेवढी सगळी वर्षे. रोपवाटिकेत वाढवलेलेच घे, आणि सध्या तर काहीच घेऊ नकोस. आहे ते एक फुलू दे.

त्या पिल्लांचे काय झाले, हे सांगायचे राहिले. मुळे दोन बोटे लांब झाल्यावर मी ती आईपासून सोडवून कोळशाच्या लहान कुंड्यांत लावली. सात निघाली होती, चार जगली. त्यांतले एक यंदा पहिल्यांदा पाण्यावाचून ठेवले आहे आणि या क्षणी ते वाळक्या काटकीसारखे दिसते. ते तुझ्यासाठी आहे. रंगपंचमीला गेर, म्हणजे इथली रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्याकडे येशील तेव्हा आधी इकडे ये, कारण नंतर तुझे हात रंगाचे असतील. येताना रिकामी पिशवी आण आणि ‘ऋतुसंहार’ कुठवर आले ते सांग.

तुझी,
रामबागेतली काकू