तालुक्याच्या गावात कलात्मक सायकल रॅक लावले तर लोक सायकलवर येतील का?

तुम्ही विचारलंय की नगरपरिषदेला सांगून चहाच्या कपासारखे, मोरासारखे सायकल रॅक बसवले तर काही फरक पडेल का, आणि गाव सायकलस्नेही करायचं तर सुरुवात कुठून करायची. मी लातूरला फॅब्रिकेशनचं काम करतो. ग्रील, शटर, शाळांच्या कमानी, अधूनमधून सायकलचे रॅकही. त्यामुळे उत्तर थोडं लोखंडाच्या अंगानं जाणार, सांभाळून घ्या.

रॅक बघून कुणी सायकल विकत घेत नाही. पण जो आधीच सायकलवर येतो, त्याची अडचण रॅकनं नक्की कमी होते. ही अडचण सायकल उभी राहत नाही, अशी नाहीच मुळी. आपल्याकडच्या साध्या सायकलला स्वतःचा स्टँड असतो, मागच्या चाकाला कुलूप असतं. अडचण जागेची आहे. बँकेसमोर किंवा क्लासच्या गल्लीत सायकल लावा, पाच मिनिटांत कुणीतरी ती बाजूला सरकवून तिथं मोटारसायकल घुसवतो. सायकलवाला भांडत नाही, कारण तो शाळकरी पोरगा असतो नाहीतर हॉटेलात कामाला जाणारा माणूस. शिवाय नुसतं चाकाचं कुलूप लावलेली सायकल उचलून टेम्पोत टाकायला कितीसा वेळ लागतो? जमिनीत पक्कं रोवलेलं लोखंड असलं की त्याला साखळी अडकते आणि मधल्या जागेत बुलेट शिरत नाही. रॅकचं खरं काम एवढंच. मोर नंतर.

शाळांमध्ये पुढचं चाक खाचेत घालायचे जे रॅक असतात, ते कृपा करून सुचवू नका. सगळा भार रिमवर येतो, शेजारची सायकल कलंडली की चाक वाकतं आणि पोरगं आऊट काढायला दुकानात. सगळ्यात भरवशाचा प्रकार म्हणजे उलटा यू. इंग्लंडमध्ये त्याला शेफील्ड स्टँड म्हणतात. दोन इंची पाइप, जमिनीपासून सुमारे 75 सेंटीमीटर उंच, लांबी 70 सेंटीमीटर ते 1 मीटर. सायकलची फ्रेम त्याला दोन ठिकाणी टेकते, म्हणून ती फिरत नाही की पडत नाही. एका यूला दोन्ही बाजूंनी मिळून दोन सायकली. दोन यूंमध्ये निदान 1 मीटर अंतर ठेवा. कमी ठेवलं तर हँडलात हँडल अडकतं आणि मधली जागा रिकामीच राहते. फुटपाथवर बसवणार असाल तर माणसांना चालायला 1.8 मीटर मोकळे सोडा, इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची मार्गदर्शिका तेवढे सांगते.

आता कलेचं. न्यूयॉर्कमध्ये 2008 साली डेव्हिड बर्न या संगीतकारानं शहरासाठी रॅकची डिझाइन केली होती. वॉल स्ट्रीटवर डॉलरचं चिन्ह, फिफ्थ अव्हेन्यूच्या महागड्या दुकानांसमोर उंच टाचेचा बूट. त्यातली गंमत अशी की आकार बघून जागा कळते. आपल्याकडं मात्र आधी आकार ठरतो, मग तो कुठं ठेवायचा याची चर्चा. लातूरची ओळख म्हणून तुरीची शेंग करा म्हणणारेही भेटतात. शेंग कागदावर झकास दिसते, पण साखळी तिला कुठं बांधायची? बैलगाडीचं चाक तर प्रत्येकालाच सुचतं. त्याच्या आऱ्यांत पेडल अडकतं.

मला आवडणारा आकार चष्म्याचा आहे, वाचनालयासमोर लावायला. दोन मोठी कडी, मधे नाकाचा पूल, दोन्ही बाजूंना पाय. दोन्ही कड्यांना फ्रेम टेकते, चाक आणि फ्रेम एकाच साखळीत येतात, पाइपाचं वळणही मोठं असल्यानं बेंडिंगला त्रास नाही. ही वळणाची गोष्ट चित्रकाराला आधीच सांगा. दोन इंची पाइपाला लहान वळण दिलं की तो आतून चेपतो आणि नेमका तिथंच पुढं पाणी धरून गंजतो. म्हणून मोराचा पिसारा पाइपात करायला जाऊ नका. बाहेरून साधा यू ठेवा आणि आतल्या पोकळीत मोर पत्र्यातून प्लाझ्मानं, म्हणजे विजेच्या कटरनं, कापून वेल्ड करा. पत्र्याची कड ग्राइंडरनं गोल करून घ्यायला विसरू नका, नाहीतर सायकलचा रंग जातो आणि पोरांचे हातही कापतात. साखळ्या घासून रॅकचा रंग तर जाणारच, म्हणून रंगावर पैसे घालण्यापेक्षा पाइप गॅल्व्हनाइज केलेला, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, घ्या.

आपल्या भागातली खरी अडचण काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि फूटभर खड्ड्यात रोवलेला पाइप वर्षा-दोन वर्षांत पडक्या दातासारखा हलायला लागतो. एकतर मुरूम लागेपर्यंत खोल जा, नाहीतर पाच-सहा यू दोन आडव्या चॅनेलवर वेल्ड करून एकच सांगाडा करा. माती हलली तर तो सगळा मिळून हलतो, एकेक पाय वेगळा तिरपा होत नाही. पाइपात काँक्रीट भरा. रात्री कुणी कापायला आला तरी त्याला वेळ लागतो, आणि भंगारवालाही ते घ्यायला कुरकुर करतो. जागा कडुनिंबाच्या सावलीत बघा, पण मुळं तोडून नको. मे महिन्यात उन्हात तासभर ठेवलेल्या सीटवर बसून बघा म्हणजे सावलीचं महत्त्व मुख्याधिकाऱ्यांना पटवायची गरज पडणार नाही.

कुठं लावायचे? सगळे चौकातच लावायला निघतात, कारण तिथं उद्घाटनाचा फोटो चांगला येतो. मी आधी गावाबाहेरचा फाटा धरीन. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या 125 मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, आणि मराठवाड्यातले कितीतरी तालुके त्यात आहेत. पण शाळा-कॉलेज लांब असेल तर मुलगी सायकलवर फाट्यापर्यंतच येते, पुढं एसटी. मग सायकल कुणाच्या तरी टपरीमागं, ओळखीच्या दुकानाच्या ओट्याशी. टपरी बंद असली की त्या दिवशी चालत. एसटीच्या निवाऱ्याला लागून पत्र्याखाली चार यू बसवले तर तिचा रोजचा प्रश्न सुटतो. ही जागा बहुतेक वेळा नगरपरिषदेच्या हद्दीत नसते, तेव्हा ग्रामपंचायतीला आणि रस्ता ज्यांचा त्यांना, म्हणजे बांधकाम विभागाला किंवा राष्ट्रीय महामार्गाला, वेगळं पत्र द्यावं लागेल. गावात मग बसस्थानक, मंडई, सरकारी दवाखाना, क्लासच्या गल्ल्या.

मोटारवाल्यांचा विरोध होईलच. लंडनमध्ये मोटारीच्याच आकाराचा रॅक आहे, एका मोटारीच्या जागेत दहा सायकली मावतात. व्यापारी मंडळाला तेवढंच दाखवा. एक गिऱ्हाईक की दहा, हा हिशोब त्यांना आपण शिकवायची गरज नाही.

रॅकशिवाय दोन-तीन कामं अशी आहेत की ती जवळपास फुकट होतात. नालीवरच्या जाळीचे गज रस्त्याच्या दिशेनं असतील तर सायकलचं चाक सरळ आत जातं; ती जाळी उचलून आडवी बसवायची, बस. सिमेंट रस्ता झाला की साइडपट्टी वीतभर खाली राहते, मागून हॉर्न वाजला की सायकलवाला तिथंच कोसळतो. तिथं मुरूम भरून दाबून घ्या. आणि गाळपाच्या हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्या शाळेच्या वेळेत गावातून जाऊ नयेत, यासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम 115 खाली वेळेचं बंधन घालता येतं. जिल्हाधिकाऱ्यांकडं शाळांच्या मुख्याध्यापकांच्या सह्यांनिशी अर्ज करा, एकट्यानं नको. रंगवलेल्या सायकल ट्रॅकच्या मागं मात्र लागू नका. कठडा नसलेल्या ट्रॅकवर आठवड्यात हातगाडे उभे राहतात, आणि त्यांनाही दुसरी जागा नसतेच.

लोखंडाला तोटा नाही, जालन्याच्या रोलिंग मिल आपल्याच भागात आहेत. कोटेशन घेताना एक करा: पाइप किलोच्या भावानं आणि नक्षीकाम नगाच्या भावानं वेगवेगळं लिहून मागा, बसवण्याची खोदाई आणि काँक्रीट तिसऱ्या ओळीत. निधी कमी पडला तर नक्षीची ओळ खोडता येते. चित्र तयार असेल तर इथंच टाका, कुठलं वळण पाइपात बसेल आणि कुठलं नाही ते सांगतो.