पिक्सारच्या ‘लक्सो ज्युनिअर’ या छोट्या अ‍ॅनिमेशनपटातला (1986) टेबल लॅम्प खऱ्या जुन्या रूपात कसा मिळवायचा?

शोधताना पिक्सारचं नाव टाकू नका, नुसती खेळणी आणि नकला समोर येतात. तो लॅम्प ज्या खऱ्या मॉडेलवरून घेतला ते ‘लक्सो एल-1’, किंवा त्याचा डिझायनर ‘जॅक याकोबसेन’ असं शोधा. नॉर्वेच्या याकोबसेननं 1937 साली ब्रिटिश इंजिनिअर जॉर्ज कार्वार्डीनच्या ‘अँगलपॉइझ’ या स्प्रिंगवाल्या लॅम्पवरून हे डिझाइन केलं.

विक्रेत्याकडून स्प्रिंगांचा जवळून फोटो मागवा. एल-1च्या स्प्रिंगा दांड्यांच्या कडेनं जातात. अँगलपॉइझ 1227च्या सगळ्या बुडाशी असतात. आयकियाचा ‘टर्शियल’ लॅम्प दिसायला जवळचा, पण तो नवा. शेड वर नेऊन सोडली की तिथेच थांबते का, याचा व्हिडिओही मागा. खाली झुकली तर स्प्रिंग ढिली किंवा सांध्याचा स्क्रू झिजलेला. स्क्रू फार आवळू नका, रंग जातो आणि हालचाल अडखळते. गोल जड बैठक बहुतेक वेळा नसते. कित्येक लॅम्प टेबलाला क्लॅम्पनं लावायचे होते.

अमेरिकन नग असेल तर जुनी वायर आणि होल्डर काढूनच टाका. 230 व्होल्टसाठी ई27 (स्क्रूच्या बल्बचा) होल्डर, 0.75 चौरस मिमीची तीन तारांची केबल, आणि अर्थिंग धातूच्या दांडीला. बल्ब 8-9 वॉटचा एलईडी पुरे.