दोन आणि साडेचार वर्षांच्या मुलांना कमी खर्चात कसं रमवावं, आणि खेळता खेळता शिकवावं?

तुम्ही लिहिलंय, "खेळण्यांनी घर भरलंय, तरी दोघंही पाच मिनिटांत कंटाळतात." त्यातल्या 'तरी'च्या जागी 'म्हणून' घालून वाचा, अर्धं उत्तर तिथेच मिळेल. दुसरी तक्रार अशी की सुट्टीच्या दिवशी तिकीट काढून कुठे नेलं तर अर्ध्या तासात रडारड सुरू होते. या दोन्ही अडचणी मी एकत्रच सोडवेन. घरात खेळणी थोडी ठेवायची, बाहेर एकच गोष्ट पाहायला जायचं, आणि जे पाहिलं ते घरी त्याच थोड्या खेळण्यांतून पुन्हा उभं करायचं.

आधी खेळण्यांची छाटणी. २०१८ साली अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन पाहिलं. चारच असताना मुलं एकेका खेळण्यापाशी जास्त वेळ थांबली आणि त्याच्याशी जास्त प्रकारे खेळली. तुम्ही असं करा: मुलं झोपल्यावर सगळी खेळणी जमिनीवर ओता. तुटकी आणि तुकडे हरवलेली बाजूला काढा. उरलेल्यांचे चार डबे भरा. प्रत्येक डब्यात रचायचं काहीतरी, सोंग घ्यायचं काहीतरी (बाहुली, भातुकली, जनावरं), बोटांचं काम असलेलं काहीतरी आणि ढकलायचं-पळवायचं काहीतरी असू द्या. एका वेळी एकच डबा बाहेर, म्हणजे दोघांत मिळून आठ-दहा खेळणी. दोन-तीन आठवड्यांनी डबा बदला. ठोकळे आणि झोपताना लागणारी लाडकी बाहुली मात्र कायम बाहेरच.

इथे चुका ठरलेल्या असतात. मुलांसमोर डबा बदलला की आत जाणारं प्रत्येक खेळणं अचानक जिवापाड प्रिय होतं. कॅलेंडर पाहून बदलला की ऐन रंगलेला खेळ मोडतो. कुठला खेळ चार दिवस चालू असेल तर त्याला हात लावू नका. आणि सगळं एकाच मोठ्या टोपलीत कोंबलं तर मूल टोपली उपडी करतं आणि निघून जातं, कारण तळाशी काय आहे ते त्याला दिसतच नाही. त्याच्या कमरेइतक्या उंचीच्या फळीवर एकेक वस्तू सुटी मांडून ठेवा.

पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर माझं मत लाकडी ठोकळ्यांना. रंगीत, नक्षीदार नकोत, मापाचे हवेत. शाळांमध्ये चालत आलेलं माप साधारण १४ × ७ × ३.५ सेंटिमीटर आहे, म्हणजे जाडीच्या दुप्पट रुंदी आणि रुंदीच्या दुप्पट लांबी. याच्या जोडीला ७ सेंटिमीटरचे अर्धे आणि २८ सेंटिमीटरचे दुप्पट ठोकळे. दोन अर्ध्यांचा एक पूर्ण होतो हे मुलाच्या हाताला कळतं. 'अर्धा' हा शब्द नंतर आला तरी चालतो. दोघांसाठी साठ-सत्तर ठोकळे पुरतात: पस्तीस पूर्ण, वीस अर्धे, दहा दुप्पट.

सुताराकडच्या उरलेल्या फळ्यांतून हे स्वस्तात होतात, पण एक गोष्ट सांभाळा. करवतीचं पातं प्रत्येक कापाला दोनेक मिलिमीटर लाकूड खातं. लांब पट्टीवर १४-१४ सेंटिमीटरच्या खुणा आधीच करून ठेवल्या आणि मग कापलं, तर ठोकळे आखूड आणि कमीजास्त निघतात. मग दोन खांबांवर ठेवलेली फळी डुगडुगते आणि मूल स्वतःला दोष देतं. एक तुकडा कापा, त्यावरून पुढची खूण करा, आणि प्रत्येक वेळी तोच पहिला तुकडा नमुना म्हणून वापरा. कडा आधी १२० नंबरच्या आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. रंग किंवा वॉर्निश लावू नका. कोरडं लाकूड एकमेकांवर कमी घसरतं. दोन वर्षांचं मूल ठोकळे नुसते इकडून तिकडे वाहून नेईल, नाहीतर मोठ्याचा मनोरा पाडेल. त्याला स्वतःची बादली आणि दहा अर्धे ठोकळे द्या, आणि मोठ्याचं बांधकाम टेबलावर हलवा. भांडण मिटवत बसण्यापेक्षा हे सोपं.

बटण दाबलं की बोलणारी खेळणी मी विकत घेणार नाही. खेळणं बोलायला लागलं की घरातली माणसं गप्प होतात. १० ते १६ महिन्यांच्या बाळांबरोबर खेळणाऱ्या पालकांचं बोलणं मोजलं तेव्हा पुस्तक किंवा साधं खेळणं हातात असताना ते जास्त भरलं.

आकड्यांसाठी काही विकत आणायची गरज नाही. पुठ्ठ्याची एक सरळ पट्टी घ्या, त्यावर ओळीने दहा चौकोन आखा आणि १ ते १० लिहा. किती घरं पुढे जायचं ते ठरवायला पुठ्ठ्याचीच गोल चकती करून टाचणीभोवती फिरवता येते, पण धाकट्यामुळे टाचणी नको. दोन चिठ्ठ्या करा, एकीवर १ आणि दुसरीवर २, आणि न बघता एक उचला. मूल ४ वर असेल आणि चिठ्ठी २ ची निघाली, तर 'एक, दोन' नाही, 'पाच, सहा' म्हणत पुढे जायचं. खेळाचा सगळा फायदा याच सवयीत आहे. सापशिडीत ओळी उलटसुलट वळतात आणि शंभर घरं असतात, म्हणून साडेचारच्या मुलासाठी ही सरळ पट्टी बरी.

तुकडे जुळवून चित्र करायच्या कोड्याचे तुकडे वयापेक्षा अनुभवावरून ठरवा, तरी अंदाज म्हणून धाकट्याला ४ ते ६ आणि मोठ्याला २० ते २४. अडलं तर सुरुवात करून देऊ नका. तुम्ही जवळजवळ सगळं लावा आणि शेवटचा तुकडा त्याच्यासाठी ठेवा. उद्या शेवटचे दोन, परवा चार. पूर्ण केल्याचा आनंद पहिल्या दिवसापासून त्याचाच राहतो.

आकार करून खेळायची मऊ पीठमाती घरी करा: २ वाट्या मैदा, १ वाटी मीठ, २ वाट्या पाणी, २ मोठे चमचे तेल, २ मोठे चमचे लिंबाचा रस. सगळं थंड असतानाच गुठळ्या मोडून कालवा, मग मंद आचेवर सतत ढवळा. चार-पाच मिनिटांत गोळा कडेपासून सुटतो. कोमट झाल्यावर मळा. चिकट वाटली की लोक वरून मैदा घालतात आणि दुसऱ्या दिवशी तिला भेगा पडतात. चिकटपणा पाण्याचा असतो, म्हणून पुन्हा एक मिनिट आचेवर धरा. दमट हवेत मीठ ओलावा ओढून घेतं, तेव्हा डबा घट्ट झाकणाचाच हवा. वास आला किंवा ठिपके दिसले की टाकून द्या. यात मीठ भरपूर आहे, धाकट्याला ती खाऊ देऊ नका.

धाकट्याच्या सुरक्षेचं इथेच सांगतो, कारण मोठ्याची खेळणीच त्याच्या तोंडात जातात. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात घालून तपासतात. तुकडा आत पूर्ण मावला तर खेळणं नापास. घरी टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी वापरा. ती थोडी रुंद असते, म्हणजे तुमची चाचणी आणखी कडक. बटणासारखे चपटे सेल असलेल्या वस्तूचं झाकण स्क्रूने बंद होणारंच हवं. अन्ननलिकेत अडकलेला असा सेल दोन तासांत आतून भाजतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय. छोटी ताकदवान चुंबकं आणि पाण्यात फुगणारे मणी घरात नकोतच. पाण्याचा टब खेळायला दिला तर पाणी पाच सेंटिमीटर, तुम्ही शेजारी, आणि खेळ संपताच टब उपडा.

आता बाहेरचं. जाण्यायेण्याचा वेळ तिथल्या वेळेपेक्षा जास्त असेल तर जागा बदला. झोप आणि खाणं झाल्यावर निघा. तिथे तास-सव्वा तास पुरे. मुलं रमलेली असतानाच परतायचं, कंटाळल्यावर नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीत एक ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात मिळून निदान १८० मिनिटं हालचाल सांगितली आहे. म्हणून पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं नुसती पळापळ, पाहणं नंतर. पिशवीत पाणी, कपड्यांचा एकेक जोड, टॉवेल, खडू, दोन झाकणाच्या डब्या आणि दोन भिंगं. दोन म्हणजे दोनच. एकच भिंग नेलं तर फेरी भिंगाच्या भांडणात संपते. आणि भिंगातून सूर्याकडे पाहायचं नाही, हे निघण्यापूर्वीच सांगा.

प्रत्येक फेरीला एकच काम. रेल्वे स्टेशनवर जायचं ते डबे मोजायला. कडेपासून लांब, बाकावर बसून. बसने पहिल्या थांब्यापासून शेवटच्यापर्यंत जायचं ते थांबे बोटांवर मोजायला. संग्रहालयात तीनच वस्तू, बाकी दालनं तशीच ओलांडायची. तिकीट वसूल करायच्या नादात तिथे मुलांची दमछाक होते. बांधकामाच्या जागी रस्त्यापलीकडून एकच यंत्र बघा: ते माती उचलतं कशाने, ओततं कसं. वाचनालयात वीस मिनिटं आणि दोघांची दोन-दोन पुस्तकं.

घराबाहेरचं अंगणसुद्धा फेरीच. सकाळी नऊला मोठ्याला एका जागी उभं करून पावलांभोवती आणि सावलीभोवती खडूने रेघ काढा. बाराला आणि चारला त्याच पावलांत पुन्हा उभं करा. सावली दुपारी आखडते आणि दिशाही बदलते. पुढची कुठे पडेल, ते तिसऱ्या रेघेआधी त्याला बोट ठेवून सांगू द्या. किंवा मुंग्यांची रांग शोधा आणि ओल्या फडक्याने मधली दोन बोटं जागा पुसा. मुंग्या तिथे येऊन थबकतात, चाचपडतात, कारण वासाची वाट पुसली गेलेली असते. थोड्या वेळाने रांग पुन्हा जुळते. यात काही मिनिटं नुसतं वाट पाहणं आहे, आणि बहुतेक पालक नेमके त्याच मिनिटांत पुढे चालू पडतात.

बोलताना धाकट्याला नाव सांगा आणि त्याला तेच म्हणू द्या. मोठ्याला "हे काय आहे?" ऐवजी "आता काय होईल?" विचारा आणि मनातल्या मनात पाच मोजेपर्यंत गप्प राहा. आपण दोनवरच उत्तर देऊन टाकतो.

घरी आल्यावर "काय काय पाहिलंस, सांग बघू" अशी परीक्षा नको. फळीवर ठोकळे, तीन-चार रिकाम्या काडेपेट्या, दोरा आणि कागदाच्या चिठ्ठ्या ठेवून बाजूला व्हा. स्टेशनवरून आलेलं मूल त्या चिठ्ठ्यांची तिकिटं करतं, २८ सेंटिमीटरच्या ठोकळ्यांचे रूळ होतात आणि तुम्ही प्रवासी. मोठ्याने सांगितलेलं एखादं वाक्य त्याच्याच शब्दांत, न सुधारता, कागदावर उतरवून त्याला वाचून दाखवा. काडेपेट्यांचे डबे वळणावर सुटायला लागले की दोन आठवड्यांनी त्याच स्टेशनवर पुन्हा जा. या वेळी डबे मोजायचे नाहीत. दोन डब्यांच्या मधला जोड पाहायचा.