जुनी 1.8 टर्बो: हलणारं आयडल आणि काळा धूर

ऑक्टाव्हिया आरएस आणि तिच्या भाऊबंद गाड्यांमधल्या 20 व्हॉल्व्हच्या 1.8 टर्बो पेट्रोल इंजिनाबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी सहा इथे घेतले आहेत. आधी एक गोष्ट लक्षात ठेवा. या इंजिनात हवा एअर फिल्टरच्या डब्यालगत, एअर मास सेन्सरमध्ये मोजली जाते. मोजलेली सगळी हवा सिलिंडरपर्यंत पोचणारच, असं धरून ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) पेट्रोल सोडतो. ती वाटेत निसटली तर पेट्रोल जास्त पडतं. न मोजलेली हवा मधूनच आत शिरली तर पेट्रोल कमी पडतं. खालच्या बहुतेक तक्रारी या जमाखर्चातल्या चुका आहेत.

आकडे बघायला व्हीसीडीएस किंवा फोक्सवॅगन गटाचे मेझरिंग ब्लॉक (ईसीयूमधल्या आकड्यांचे क्रमांक दिलेले गट) वाचणारा कुठलाही स्कॅनर चालेल. ब्लॉक 032 मधला पहिला आकडा आयडलचा (गाडी उभी, इंजिन चालू) फ्युएल ट्रिम, म्हणजे ठरल्यापेक्षा पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करावं लागतंय ते. दुसरा चालत्या गाडीचा. वजा म्हणजे ईसीयू पेट्रोल कापतोय, अधिक म्हणजे वाढवतोय.

प्रश्न: आयडल 700 ते 1200 च्या मध्ये वरखाली होत होतं, म्हणून थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) साफ करून घेतली. आता आयडल 1400 वरच अडकलंय. साफ करताना काही बिघडलं का?

बहुधा काहीच बिघडलेलं नाही, ॲडॅप्टेशन, म्हणजे ईसीयूला थ्रॉटल नव्याने शिकवणं, राहिलंय. थ्रॉटलच्या पाकळीभोवती काजळी साचत गेली की तेवढीच हवा मिळवायला ईसीयू पाकळी थोडी जास्त उघडी ठेवायला शिकतो. काजळी गेली, पण ती शिकवण तशीच राहिली. त्यामुळे हवा जास्त येते आणि आरपीएम चढतात.

बॅटरी नीट चार्ज असू द्या. आधी फॉल्ट कोड पुसा. इग्निशन चालू, इंजिन बंद, ॲक्सिलरेटरवर पाय नको. इंजिन इलेक्ट्रॉनिक्समध्ये बेसिक सेटिंग्जचा ग्रुप 060 सुरू करा. थ्रॉटल केबलवर चालणारं जुनं इंजिन असेल तर ग्रुप 098. बॉनेटखाली टकटक असा आवाज येईल, स्क्रीनवर ॲडॅप्टेशन पूर्ण झाल्याचं दिसेल. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. एरर आली तर प्लगच्या पिना, वायरिंग आणि बॅटरीचा व्होल्टेज बघा. लगेच नवी थ्रॉटल बॉडी मागवू नका.

पुढच्या वेळी साफ करताना इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटाने किंवा स्क्रूड्रायव्हरने ढकलू नका, आतले प्लॅस्टिकचे गिअर नाजूक असतात. इग्निशन चालू करून कुणाला तरी पेडल दाबून धरायला सांगा आणि आपली बोटं लांब ठेवा.

ॲडॅप्टेशननंतरही आयडल डुलत राहिलं तर मूळ दुखणं वेगळं होतं. इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या) खाली ब्रीदरचे, म्हणजे इंजिनातली तेलाची वाफ परत आत नेणारे, रबरी पाइप आणि एक एकदिशा व्हॉल्व्ह असतो. तेलाची वाफ आणि इंजिनाची धग यांनी हे पाइप मऊ पडतात आणि खालच्या बाजूने चिरतात, त्यामुळे वरून काहीच दिसत नाही. आरसा आणि टॉर्च घेऊन बघा किंवा स्मोक टेस्ट (पाइपांत धूर सोडून गळती शोधणं) करून घ्या. आयडलचा ट्रिम +8, +10 च्या वर आणि चालत्या गाडीचा शून्याजवळ असेल, तर लीक तिथेच शोधा. लीक तेवढीच असली तरी आयडलला एकूण हवाच कमी असल्याने तिचा वाटा मोठा असतो. वेग वाढला की तो नगण्य होतो.

प्रश्न: गाडी उभी असताना पेट्रोलचा वास येतो, ॲव्हरेज पडलंय, शहरात जेमतेम 6 मिळतं. टाकी फुल्ल केल्यावर स्टार्ट व्हायला त्रास होतो. आयडल ट्रिम −17, चालत्या गाडीचा −2. मेकॅनिक एअर मास सेन्सर बदलायला सांगतोय.

थांबा. सेन्सर खोटं बोलत असता तर चालत्या गाडीचा आकडाही बिघडला असता. फक्त आयडललाच पेट्रोल जास्त होतंय, म्हणजे कुठून तरी थोडंसं पण सतत येतंय. आयडलला तेवढं थोडंसुद्धा जड जातं. संशयित चार, आणि तपासायचेही याच क्रमाने.

पहिला, पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे एन80. टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात साठते आणि हा व्हॉल्व्ह ती इंजिनाला थोडी थोडी पाजतो. तो उघडाच अडकला की वाफेचा लोंढा सतत येतो, आणि टाकी भरल्यावर तर जास्तच. तुमची स्टार्टची तक्रार याच्याशी सगळ्यात जास्त जुळते. गाडी गरम करून आयडलला ठेवा, डब्याकडून येणारा पाइप व्हॉल्व्हवरून काढा आणि व्हॉल्व्हचं तोंड बंद करा. पाच मिनिटांत वजा आकडा शून्याकडे सरकू लागला तर चोर सापडला. खात्रीसाठी व्हॉल्व्ह हातात घेऊन, विजेचा प्लग न लावता फुंकून बघा. हवा आरपार गेली की तो निकामी.

दुसरा, फ्युएल प्रेशर रेग्युलेटर. फ्युएल रेलच्या टोकाला असतो आणि त्यावरून एक बारीक व्हॅक्यूम पाइप निघतो. तो पाइप उपसा. आत पेट्रोलचा ओलावा किंवा वास असेल तर पडदा फाटलाय आणि पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये ओढलं जातंय. कोरडा असेल तर प्रेशर गेज लावा. 3 बारच्या रेग्युलेटरवर आयडलला साधारण 2.5 बार आणि व्हॅक्यूम पाइप काढल्यावर 3 बार यायला हवं. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, किमान 2 बार टिकायला पाहिजे.

तिसरा, ठिबकणारा इंजेक्टर. प्रेशर टिकत नसेल आणि रेग्युलेटर ठीक असेल तर वळा याच्याकडे. रेल इंजेक्टरसकट वर काढून, पंपाला थेट करंट देऊन प्रत्येकाचं तोंड बघतात. मिनिटाला दोन थेंबांपेक्षा जास्त पडले तर तो इंजेक्टर गेला. उघड्या पेट्रोलचं काम आहे, घराच्या पार्किंगमध्ये करू नका. ज्या गॅरेजमध्ये आग विझवायचा सिलिंडर हाताशी असतो तिथेच करून घ्या.

चौथा बऱ्याच जणांच्या डोक्यात येत नाही: तेल. बरेच दिवस गाडी रिच, म्हणजे जास्त पेट्रोलवर, चालली की पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं. मग तेल गरम झालं की त्याची वाफ ब्रीदरमधून परत इंजिनात येते आणि मूळ दोष दुरुस्त झाल्यावरही ट्रिम वजाच राहतो. डिपस्टिक हुंगून बघा. पेट्रोलचा वास असेल, पातळी वर चढली असेल, तर तेल आणि फिल्टर बदलल्याशिवाय ट्रिमवर विश्वास ठेवू नका. आणि असं पातळ तेल टर्बोच्या बेअरिंगला काय करतं, ते सांगायला नकोच.

प्रश्न: गरम गाडी बंद करून पंधरा मिनिटांनी चालू केली की काळा धूर मारते, आयडल जड असतं. डॅशबोर्डवर काटा मात्र बरोबर 90 वर.

काट्यावर जाऊ नका. कूलंट टेम्परेचर सेन्सरला चार पिना असतात, कारण एकाच घरात दोन सेन्सर आहेत: एक काट्यासाठी, दुसरा ईसीयूसाठी. ईसीयूवाला बिघडला तरी काटा शहाण्यासारखा 90 वरच उभा राहतो. इकडे ईसीयूला वाटतं इंजिन थंड आहे, आणि तो थंडीतल्यासारखं पेट्रोल ओततो. आपल्याकडे मे महिन्यातसुद्धा.

ब्लॉक 001 मध्ये कूलंटचं तापमान बघा. सकाळी थंड गाडीत ते बाहेरच्या हवेइतकं दिसायला हवं. मग इंजिन गरम होताना न अडखळता चढायला हवं. मीटरने मोजायचं तर ईसीयूच्या जोडीचा रेझिस्टन्स 20 अंशांना अडीच किलोओहमच्या आसपास, 80 अंशांना 300 ओहमच्या आसपास येतो. बदलायचा असेल तर इंजिन पूर्ण थंड असताना, खालची ओ-रिंग नवी घालून बदला. जुना काढला की थोडं कूलंट सांडतं, तेवढं परत भरा.

प्रश्न: फुस्स आवाजासाठी डायव्हर्टर व्हॉल्व्हच्या जागी हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवला. आता गिअर बदलताना मागून काळा धूर येतो आणि सिग्नलला क्लच दाबला की गाडी बंद पडते.

आवाज सोडा आणि मूळ व्हॉल्व्ह परत लावा. पेडल सोडलं की टर्बो आणि थ्रॉटलच्या मध्ये कोंडलेली हवा तो टर्बोच्या तोंडाशी परत पाठवतो. तुमचा नवा व्हॉल्व्ह आधीच मोजलेली हवा रस्त्यावर फेकतो आणि पेट्रोल मात्र तिच्या हिशोबाने पडून जातं.

प्रश्न: आयडल एकदम स्वच्छ. पण तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबलं की सू-सू आवाज, पिकअप नाही आणि मागे काळा धूर.

बूस्ट (टर्बोने दाबलेली हवा) गळतंय. वरचंच कारण, फक्त जागा वेगळी. आयडलला मॅनिफोल्डकडे दाब नसतो, त्यामुळे टर्बो ते थ्रॉटल या पट्ट्यातली चीर तेव्हा गप्प असते. बूस्ट आला की ती तोंड उघडते. टर्बोच्या तोंडाचा पाइप एअर मास सेन्सरनंतर बंद करून कॉम्प्रेसरने 0.3 ते 0.5 बार हवा भरा, त्याहून जास्त नको. ब्रीदरमधून दाब क्रँककेसमध्येही जातो आणि जोर केलात तर तेलाची सील्स फुटतील. मग साबणाचं पाणी इंटरकूलरच्या दोन्ही टोकांच्या रबरी पाइपांवर आणि क्लिपांवर मारा. पाइपाच्या खालच्या बाजूला तेलाचा डाग असेल तर तिथेच आधी बघा.

प्रश्न: ट्रिम +13, म्हणजे गाडी लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी). पण प्लग काढले तर एक कुळकुळीत काळा. दोन्ही खरं कसं?

दोन्ही खरं आहे. लॅम्बडा सेन्सर पेट्रोल नाही, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजतो. एका सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देणारी) अधूनमधून चुकली की तिथलं पेट्रोल तर जळत नाहीच, पण ऑक्सिजनही न वापरता बाहेर येतो. सेन्सर म्हणतो लीन, ईसीयू चारही सिलिंडरचं पेट्रोल वाढवतो, आणि चुकणारा प्लग आणखी काळा पडतो. या इंजिनाच्या कॉइल यासाठी बदनामच आहेत. ब्लॉक 015 आणि 016 मध्ये सिलिंडरनुसार मिसफायर (ठिणगी किंवा जळणं चुकल्याची संख्या) बघा, संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावा. मिसफायर कॉइलबरोबर गेला तर कॉइल, जागेवर राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर. मिसफायर शून्य असेल तर सेन्सरच्या आधी एक्झॉस्टचा जॉइंट गळतोय का बघा, कारण तिथून बाहेरचा ऑक्सिजन आत ओढला जातो आणि सेन्सर तसाच फसतो.

आणि यातले सगळेच 13 दोषाचे धरू नका. सगळीकडे मिळणाऱ्या ई20 पेट्रोलमध्ये इथेनॉल असल्याने तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं. त्यासाठी बनवलेल्या नसलेल्या जुन्या गाडीत चालत्या गाडीचा ट्रिम निव्वळ इंधनामुळे पाच-सात टक्के वर बसू शकतो. म्हणून दुरुस्तीआधीचा आकडा लिहून ठेवा आणि नंतरचा त्याच पंपाच्या पेट्रोलवर ताडून बघा.