खारपाणपट्ट्यात रोहूचं बीज काढताना

भाऊ, विदर्भातल्या पूर्णा नदीकाठच्या खाऱ्या बोअरवर रोहू-कटला मासे वाढतील, पण हॅचरीला, म्हणजे माशांची अंडी उबवून पिल्लं काढतो तिथं, ते पाणी अजिबात लावू नका. नराचे शुक्राणू गोड्या पाण्यात पडले की जागे होतात आणि जेमतेम मिनिटभर पळतात. क्षार जास्त असले की तेवढंही पळत नाहीत. अंड्याचंही तसंच. ते पाणी शोषून फुगलं पाहिजे, अगदी भिजलेल्या साबुदाण्यासारखं, टपोरं नि आरपार दिसणारं. पहिल्या वर्षी माझी अंडी बारीकच राहिली, सकाळी पांढरी पडलेली. फार जीव तुटला. म्हणून जूनपासून प्लास्टिकच्या शेततळ्यात पावसाचं पाणी साठवा, प्रजनक मासेही महिनाभर आधी तिकडेच हलवा, आणि अंडी घालावीत म्हणून माशांना संप्रेरकाचं (हार्मोनचं) इंजेक्शन द्यायच्या दिवशी पाण्यातले क्षार मोजूनच सुरुवात करा.