वायरिंग नव्याने करताना ६ अँपिअरचे सॉकेट घ्यावेत की १६ चे?

आधी वायर ठरवा, मग एमसीबी (जास्त करंट गेला की लाइन आपोआप तोडणारा स्विच), सॉकेट सगळ्यात शेवटी. तुम्ही लिहिलंय की वायरमन म्हणतो, 'सगळीकडे सोळाचेच टाकू, मग काहीही लावा.' या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे. पुण्यातल्या तापकीर गल्लीतून, म्हणजे इलेक्ट्रिकच्या सामानाच्या बाजारातून, सोळाचं सॉकेट कुणीही आणून देईल, पण त्यामागे अडीच एमएमची (म्हणजे चौरस मिलिमीटर, तारेच्या छेदाचं माप) वायर आहे की दीडची, हे प्लेट बसल्यावर कळत नाही.

कोथरूडच्या एका जुन्या फ्लॅटमध्ये ओट्यावर सोळाची तीन नवी सॉकेटं होती, तिन्ही दीड एमएमच्या एकाच लाइनवर लूप केलेली. इंडक्शन २००० वॅटचं, म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ ९ अँपिअर. केटल १५०० वॅटची, साडेसहा. मायक्रोवेव्ह सहाच्या आसपास. तिन्ही चालू झाले की २१. दहाचा एमसीबी पडायचा आणि तो पडायलाच हवा होता. वायरमनने तिथे २५ चा बसवला! पडणं थांबलं आणि वायर तापायला लागली. इन्सुलेशन कडक होऊन तडकलं, सॉकेटचं टर्मिनल काळं पडलं. एमसीबी वायर वाचवण्यासाठी असतो. तो वायरीच्या ताकदीपेक्षा मोठा घेतला की जळायची पाळी भिंतीतल्या वायरीवर येते.

म्हणून किचनला डीबीपासून (एमसीबी बसवलेल्या पेटीपासून) दोन स्वतंत्र लाइन घ्या, प्रत्येकी अडीच एमएम आणि १६ चा एमसीबी. एकीवर फक्त इंडक्शन, दुसरीवर मायक्रोवेव्ह आणि केटल, पण ही दोन्ही एकदम लावली तर जेमतेम भागतं. ओट्यावर सगळी सोळाचीच सॉकेटं, स्विचही सोळाचेच. मिक्सरला सहाचं पुरतं, पण ओट्यावर वस्तूंच्या जागा बदलत राहतात. फ्रिज वेगळा ठेवा, नाहीतर केटलमुळे लाइन पडली की दूध नासतं. ३ किलोवॅटचा गिझर आणि दीड टनाचा एसी यांना प्रत्येकी चार एमएमची वेगळी लाइन आणि २० चा एमसीबी, एसीला सी कर्व्हचा, म्हणजे सुरू होतानाचा क्षणभराचा जादा करंट सोसणारा.

बेडरूममध्ये टीव्ही, चार्जर, दिवा यांना सहाचंच घ्या. सहाच्या प्लगच्या पिना साधारण ५ मिलिमीटर जाड, सोळाच्या ७. स्वस्तातल्या ६/१६ (दोन्ही प्लग घेणाऱ्या) सॉकेटमध्ये बारीक पिना ढिल्या बसतात आणि ठिणग्या उडतात. हीटर किंवा स्टीम इस्त्रीसाठी खोलीत एक सोळाचा पॉइंट ठेवा, अडीच एमएमवर. कन्व्हर्टर लावून सहावर सोळाचा प्लग चालवणं मला अजिबात मान्य नाही.

हे सगळं अर्थिंग नीट आहे असं धरून. जुन्या इमारतीत ते आधी तपासून घ्या, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवा आणि महावितरणचा मंजूर भार बिलावर पाहा. मीटरपासून येणारी मेन वायर जुनीच राहणार असेल तर तिचाही आकार बघा.

प्लेटा बसवण्याआधी प्रत्येक बॉक्समधल्या वायरीवर छापलेला आकार स्वतः वाचा, फोटो काढा आणि मगच वायरमनचा शेवटचा हप्ता द्या.