झेंडूचं फूल, टाळांचा आवाज आणि २५ हजारांचा फोन

सणासुदीचे सेल लागले की आमच्याकडे फोनचेच प्रश्न येतात, सगळ्यांना उत्तर देणं काही जमत नाही म्हणून आवाज आणि कॅमेरा या दोनच गोष्टींवरचे पाच निवडलेत. अमुक मॉडेल घ्या असं मी सांगणार नाही, अंक हातात पडेपर्यंत ते मॉडेल जुनं झालेलं असतं.

प्रश्न : बजेट २२ ते २५ हजार. दोन फोनवर अडकलेय. एक १०८ मेगापिक्सेलचा, दुसरा ५० चा पण त्यात ओआयएस आहे. भाऊ म्हणतो डबल मेगापिक्सेल सोडू नकोस. मला मुख्यतः घरातले, लेकीचे, सणावाराचे फोटो काढायचेत. – एक वाचक, सांगली

ताई, भावाला सांगा की दोन्ही फोन शेवटी साधारण १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतात. खोटं नाही सांगत. १०८ वाला आजूबाजूचे नऊ पिक्सेल मिळून एक करतो, ५० वाला चार मिळून एक, म्हणजे एकीकडे १२ आणि दुसरीकडे साडेबारा. पूर्ण १०८ चा मोड असतो पण तो सेटिंगमध्ये जाऊन लावावा लागतो, भर उन्हातच कामाचा, आणि फाइल एवढी मोठी की आठवड्यात फोन भरतो.

खरं बघायचं ते सेन्सरचा, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपचा आकार. तो १/१.५६ इंच, १/१.९५ इंच असा उलटा लिहितात, खालचा आकडा जेवढा लहान तेवढा सेन्सर मोठा, आणि मोठा म्हणजे उजेड जास्त गोळा होणार. ५० मेगापिक्सेलमध्येही हे दोन्ही आकार मिळतात, त्यामुळे नुसतं ५० वाचून काहीच कळत नाही. मागे तीन कॅमेरे दिसले तरी त्यातला २ मेगापिक्सेलचा मॅक्रो नाहीतर डेप्थ म्हणतात तो शोभेचा, मोजूच नका.

ओआयएस म्हणजे लेन्स आतल्या आत हलून तुमच्या हाताची थरथर खाऊन टाकते. संध्याकाळी देवघरात निरांजनाच्या उजेडात फोटो काढता तेव्हा फोन शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, तिथे याचा फार उपयोग. पण एक लक्षात घ्या, हात तुमचा हलत असेल तर ओआयएस वाचवेल, लेक पळत असेल तर नाही, तिथे शटर झटकन पडायला हवं आणि त्याला उजेडच लागतो. म्हणून मी असतो तर ओआयएस वालाच घेतला असता, पण आधी दुकानात जाऊन पुढचं करून बघा.

जाताना पर्समध्ये एक झेंडूचं फूल न्या. हसू नका, मी स्वतः नेतो. केशरी आणि लाल रंग फोनला जड जातात, कॅमेरा भडक करायच्या नादात लाल रंग इतका वर नेतो की पाकळ्यांच्या कडा जातात आणि नुसता केशरी गोळा उरतो. पाकळी पाकळी वेगळी दिसली तर कॅमेरा बरा. कुंकू, लाल साडीचा काठ, सगळ्यांचं हेच गणित आहे आणि आपल्याकडचे निम्मे फोटो याच रंगांचे असतात ना! मग सोबत आलेल्याला दुकानाच्या दारात, पाठीमागे ऊन येईल असं उभं करा आणि फोटो काढा, चेहरा काळा पडला किंवा मागचा रस्ता पांढराफटक झाला तर समजून जा. तिसरं म्हणजे ब्युटी मोड बंद करून बघा, बऱ्याच फोनमध्ये तो आधीपासूनच चालू असतो आणि सावळ्या माणसाला पीठ लावल्यासारखं करतो. आणि काउंटरवरच्या झगझगीत लाइटखाली काढलेल्या फोटोवर भाळू नका, त्या उजेडात माझा सात वर्षं जुना फोनसुद्धा छान फोटो काढतो.

फोटो तपासताना गॅलरीत मोठा करून बघा, व्हॉट्सॅपवर पाठवून नको, तिथे दाबून लहान होतो आणि सगळे फोन सारखेच दिसतात.

प्रश्न : आमचं भजनी मंडळ आहे. एकादशीचं भजन रेकॉर्ड करून गावाबाहेरच्या मंडळींना पाठवतो. नवीन फोन घेतला, फोटो झकास, पण रेकॉर्डिंगमध्ये टाळ वाजले की गाणारा बुडतो, थांबले की हळूहळू वर येतो. वीणा तर गायबच. फोन खराब आहे का? – एक वारकरी, पंढरपूर तालुका

माउली, फोन खराब नाही, फोन जास्त शहाणा आहे. बोलण्यासाठी बनवलाय तो, भजनासाठी नाही.

होतं काय, आवाज मोठा आला की फोन आपोआप माइक कमी करतो आणि शांत झालं की हळूहळू वाढवतो. दोन माणसं बोलत असतील तर हे सोयीचं, पण टाळांचा ठेका पडला की प्रत्येक ठेक्याला माइक खाली जातो, त्याच्याबरोबर गाणाराही जातो. वीणेचं वेगळंच. सतत एकसारखा चाललेला आवाज म्हणजे पंखा, नाहीतर गाडीचं इंजिन असं फोन समजतो आणि पुसून टाकतो. वीणेकरी बिचारा अखंड तारा छेडतोय आणि फोनच्या लेखी तो टेबलफॅन! तानपुऱ्याचंही कधी कधी असंच होतं.

उपाय आहेत. कॅमेऱ्यात व्हिडिओ करण्याऐवजी रेकॉर्डिंगचं असं ॲप घ्या ज्यात आवाजावर प्रक्रिया न करता घ्यायची सोय आहे, अँड्रॉइड ७ पासून तशी व्यवस्था आहे पण ती प्रत्येक फोनमध्ये नीट चालतेच असं नाही, करून बघावं लागतं. ॲपमध्ये नॉइज रिडक्शन (गोंगाट पुसणं), ऑटो गेन (माइक आपोआप कमी-जास्त करणं) असं काही दिसलं की बंद. फाइल वॅव्ह, म्हणजे न दाबलेली, ठेवा किंवा निदान क्वालिटी सगळ्यात वरची, नाहीतर टाळांचा खणखणाट कमी बिटरेटवर, म्हणजे फाइल फार दाबली की, सुक्या पानांसारखा सळसळतो. आणि जागा बदला. फोन टाळकऱ्यांच्या पायाशी ठेवत असाल तर तो उचलून गाणाऱ्याच्या समोर हातभर अंतरावर ठेवा, टाळकरी जरा मागे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, तेवढ्याने फार फरक पडतो. ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग करणाऱ्यांनाही हेच सांगणं, ताशाच्या तोंडाशी फोन धराल तर इवल्याशा माइकची सहन करायची हद्द संपते आणि तो फाटलेला आवाज नंतर कुठल्याच ॲपने शिवता येत नाही.

नवीन फोन घेताना तपासायचं असेल तर रेकॉर्डिंग चालू करून आधी बोला, मग जोरात एक टाळी वाजवा आणि लगेच पुन्हा बोला. टाळीनंतरचे दोन-चार शब्द दबलेले आले की ओळखा. दुकानदार बघतो विचित्र नजरेने, बघू दे.

प्रश्न : माझे जुने वायरचे हेडफोन चांगले आहेत. नवीन फोनला गोल पिनचं भोक नाही म्हणून टाइप-सी कन्व्हर्टर घेतला, तो भावाच्या फोनला चालतो, माझ्या नाही. – एक विद्यार्थी, नाशिक

कन्व्हर्टर दोन जातीचे असतात. एकात नुसती वायर, म्हणजे फोननेच तयार आवाज बाहेर द्यायचा, दुसऱ्यात छोटी डॅक चिप असते ती डिजिटलचा आवाज करते. तुझा फोन आवाज बाहेर देत नाही म्हणून साधा वायरवाला मुका राहिला. डॅक असलेला घे, पाकिटावर लिहिलेलं असतं, नसेल तर घेऊ नकोस. ब्लूटूथकडे वळायचं असेल तर कोडेक बघ, म्हणजे आवाज दाबून पाठवायची पद्धत. त्यातलं एलडॅक नावाचं कोडेक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत (केबीपीएस) जातं पण फोन आणि हेडफोन दोन्हीत हवं, एकातच असेल तर शून्य उपयोग, आणि सिग्नल कमी झाला की ते ३३० वर उतरतं ते वेगळंच. गेम खेळत असशील तर वायरच बरी, ब्लूटूथला आवाज मागून येतो.

प्रश्न : खोक्यावर हाय-रेझ ऑडिओचा सोनेरी शिक्का आहे. स्पीकरचा आवाज त्यामुळे चांगला असेल ना? मी निवृत्त शिक्षक, जुनी नाट्यगीतं ऐकतो. – एक वाचक, रत्नागिरी

नाही काका. तो शिक्का २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ९६ हजार नमुने घेतलेलं रेकॉर्डिंग हाताळता येतं एवढंच सांगतो, तेही हेडफोनच्या बाजूने. त्यात ४८ किलोहर्ट्झपर्यंतचे सूर मावतात, पण माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वय वाढलं की वरचं कमी कमी होत जातं, माझंही सुरू झालंय. शिवाय जुन्या तबकड्यांवर तेवढं वरचं काही उतरलेलंच नाही.

स्पीकर तपासायचा तर तुम्हाला ज्याची जागा न जागा पाठ आहे असं एखादं पद लावा. फोन आडवा धरा आणि खालच्या स्पीकरवर बोट ठेवा. वर कानाशी असतो त्यातून किती आवाज येतो ते बघा, नुसतीच कुजबुज आली तर स्टिरिओ हा शब्द खोक्यापुरताच. मग आवाज पूर्ण वाढवा. डग्ग्याचा घुमारा कुठल्याच फोनमध्ये खरा येत नाही, स्पीकरच्या एवढ्याशा पडद्याला ते झेपत नाही, आपला मेंदूच वरच्या सुरांवरून तो भरून काढतो. पण 'स' आणि 'श' कानात टोचायला लागले किंवा हातातला फोन झणझणायला लागला तर तो फोन नको. दोनशे टक्के व्हॉल्यूम वगैरे जाहिरात असते, तिथे तर नाट्यगीताचा भोंगा होतो.

प्रश्न : भाच्याने अमेरिकेतून फोन आणला. फोटो मस्त पण घरात व्हिडिओ काढला की काळे पट्टे सरकतात. बाहेर अंगणात अजिबात नाही. – एक गृहिणी, सातारा

अंगणात नाही यातच उत्तर आहे ताई. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, अमेरिकेत ६० म्हणून १२०. फोन अमेरिकेच्या हिशोबाने शटर मारत असेल तर पट्टे येणारच. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर किंवा अँटी-बँडिंग शोधा, तिथे ५० करा. ते नसेल तर प्रो व्हिडिओत, म्हणजे सगळं हाताने लावायच्या मोडमध्ये, शटर १/५० किंवा १/१०० सेकंद लावा. तरीही राहिले तर हॉलमधला तो स्वस्तातला बल्ब एकदा बदलून बघा, आमच्याकडे दोषी तोच निघाला होता आणि मी तीन दिवस फोनला शिव्या घातल्या.